'वंडरिंग सन': "पोरांना काय कळतंय" म्हणणाऱ्यांना उत्तर

गायत्री_आ
काल मंदारने इथे लिहिलं की 'वंडरिंग सन' ही जपानी ॲनिमे (ॲनिमेशन) मालिका म्हणजे शाळकरी पोरांच्या तोंडी घातलेले मोठ्यांचे विचार, आणि वर इतकी संथ की झोप येते. प्रतिसाद लिहायला घेतला तो लांबला, म्हणून वेगळा धागा.

आधी एक सांगा, विचार तोंडी घातलेत कुठे? नितोरी (जन्माने मुलगा, पण स्वतःला मुलगी मानणारी), ताकात्सुकी (जन्माने मुलगी, पण मुलगा व्हायची ओढ असलेली), त्यांचे शाळासोबती चिबा, माको यांतलं कुणीच भाषण देत नाही. ११ भागांत निम्मा वेळ ही मुलं शब्दच शोधत असतात. मला हलवलं ते गणवेशाने. चिझुरू ही मुलगी माध्यमिक शाळेत पहिल्याच दिवशी मुलांचा गणवेश घालून येते, सगळ्यांना ती भारी वाटते. पुढे ताकात्सुकीही तेच करते, तिचंही निभावतं. मग नितोरी मुलींच्या गणवेशात येते आणि वर्ग हसतो, शिक्षकांची धावपळ होते, त्यानंतर शाळेत पाऊल टाकणंही कठीण होऊन बसतं. शाळा तीच, धाडस तेच. हे दाखवायला दिग्दर्शक आओकींना एकही उपदेश लागलेला नाही.

आणि आवाज! ॲनिमेत मुलग्यांचे आवाज बहुतेकदा बायका काढतात. इथे नितोरीला आवाज दिलाय कोसुके हाताकेयामा या वयात येणाऱ्या मुलानेच. आवाज फुटण्याची धास्ती त्यामुळे थेट कानावर येते.

मंदार_क
माझं नाव घेतलंय तर बोलतो. मालिका ज्यावर बेतलीय त्या मांगाचे (चित्रकथेचे) १५ही खंड मी वाचलेत. शेवटाकडे ताकात्सुकीची मुलगा व्हायची ओढ ओसरते. हे मांगाच्या लेखिका शिमुरांनीच लिहिलंय, मी नाही. मग "वय आहे, जाईल" म्हणणारे आईबाप एवढे चुकीचे कसे? मालिका मधेच थांबते, म्हणून तुम्हाला सोयीची वाटते.

गायत्री_आ
आणि नितोरीची ओसरते का? शेवटचा खंड परत काढा. दोघांपैकी एकाची ओढ गेली, दुसरीची राहिली. जवळपास अकरा वर्षांच्या लेखनात शिमुरांनी दोन्ही शक्यता मांडल्या, तुम्ही एकच उचललीत.

शरद_जोगळेकर
यात नवल काय ते कळेना. आपल्या नारायणराव राजहंसांच्या, म्हणजे स्त्रीभूमिका करणाऱ्या बालगंधर्वांच्या, शालूची आणि अंबाड्याची नक्कल घरोघरच्या बायका करत. महाराष्ट्राने त्यांना डोक्यावर घेतलं. जपान्यांकडून आपण काय शिकायचं?

केतकी पुणे
काका, हेच तर मालिकेत आहे! नाटकात मुलामुलींच्या भूमिकांची अदलाबदल केली की टाळ्या पडतात. जपानमध्ये १६२९ साली बायकांना काबुकी या तिथल्या पारंपरिक नाट्यप्रकाराच्या रंगमंचावर बंदी झाली, तेव्हापासून पुरुषच स्त्रीभूमिका करत आले आणि लोकांनी त्यांना पूजलं. रंगमंचावर चालतं, वर्गात चालत नाही.

शरद_जोगळेकर
बालगंधर्वांना यात ओढू नका. १९११ साली 'मानापमाना'चा पहिला प्रयोग त्यांनी पोटची मुलगी गेली त्याच दिवशी केला. ती साधना होती. तिला तुमच्या ओळखबिळखीच्या गोष्टी चिकटवणं हा अपमान आहे.

केतकी पुणे
ओढलं तुम्ही! आणि अपमान कसला? कुणाशी तुलना झाली म्हणून तुम्हाला एवढी शरम वाटतेय, ते तरी स्पष्ट सांगा.

शरद_जोगळेकर
शरम नाही. कलेची शिस्त वेगळी, घरातलं आयुष्य वेगळं. तुमच्या पिढीला हा फरकच पटत नाही.

विनय_सातारा
फरक मला चांगला माहितीये. माझा धाकटा भाऊ सातवीत गॅदरिंगला नऊवारी नेसून लावणी नाचला. बाईंनी त्याच्या पाठीवर थाप मारली, आईने दृष्ट काढली. त्याच उन्हाळ्यात तो ताईची ओढणी घेऊन आरशापुढे उभा राहिला, तर वडिलांनी पट्टा काढला. शाळेतही कुणीतरी हे पसरवलं आणि त्याने डबा एकट्याने खायला सुरुवात केली. काका, त्या मुलाला कलेची शिस्त कुणी समजावायची? तो आज तिशीत आहे, अजून यावर घरात बोलत नाही.

शरद_जोगळेकर
मारायला नको होतं. एवढं मी म्हणेन. बालगंधर्वांबद्दलचं माझं मत तेच आहे, त्यासाठी वेगळा धागा काढा.

मंदार_क
विनय, वाईट वाटलं वाचून. पण एका घरावरून नियम होत नाही. शाळेने प्रत्येकाला हवा तो गणवेश द्यायचा का? शाळा चालवायची कशी?

गायत्री_आ
चालते. मालिका आली २०११ मध्ये. २०१५ मध्ये जपानच्या शिक्षण मंत्रालयाने शाळांना सूचना पाठवली, त्यात मुलाला स्वतःला जे लिंग आपलं वाटतं त्याचा गणवेश घालू द्यावा, हेही उदाहरण म्हणून दिलंय. शाळा काही बंद पडल्या नाहीत.

मंदार_क
बरं. गणवेशाचं मान्य. चिझुरूला एक न्याय आणि नितोरीला दुसरा, हे मी बघताना लक्षात घेतलं नव्हतं, आणि तो अन्यायच आहे. ताकात्सुकीचा मुद्दा मात्र सोडणार नाही. ज्या मुलांची ओढ ओसरते, त्यांच्याबद्दल इथे कुणालाच बोलायचं नसतं.

विनय_सातारा
बोला की. फक्त ती ओसरेपर्यंत मुलाला मारू नका आणि हसू नका. ताकात्सुकीलाही तेवढंच हवं होतं.