अभ्यास करताना तुमच्या कानात काय वाजायचं? (अनुभव धागा)

संत्राबाग
परवा वरूडला बहिणीकडे मुक्कामाला होते. भाची यंदा बारावीला. पहाटे उठून रसायनशास्त्र काढून बसली आणि फोनवर बारीक आवाजात शहनाई लावली. म्हटलं, "काहो बाई, कोणाचं लगन आहे?" तर म्हणते, "मावशी, शब्द असले की मी गाणंच म्हणत बसते. हे वाजत राहते, मी लिहीत राहते."

मला आमचा ओसरीवरचा रेडिओच आठवला. सकाळी आकाशवाणीची ओळखधून, वंदे मातरम्, मग मंगलध्वनीत शहनाई. बाबा बैलांचं चारापाणी करायला उठत, रेडिओ त्यांच्यासाठी लागे आणि पाठांतर माझं होई. बातम्या सुरू झाल्या की माझं चित्त उडालं. ते वाजवणारे बिस्मिल्ला खाँ, हे कितीतरी उशिरा कळलं. 2001 मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं तेव्हा पेपरातला फोटो पाहून बाबा म्हणाले, "हा तर आपल्या गोठ्यातला माणूस!"

तुम्ही काय लावत होता, आता काय लावता? फक्त वाद्यांचं सांगा. रेडिओवाले, टेपवाले, मोबाइलवाले, सगळे या.

पऱ्हाटी
आमच्याकडं लावायची गरजच नव्हती ताई. देवळाचा भोंगा घराच्या तोंडावर. संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना, मग खंजिरी भजन. तुकडोजी महाराजांची भजनं अजूनही तोंडपाठ आहेत, भूगोल तेव्हाही कोरा अन् आताही कोरा. मास्तर म्हणत, पेपरात ग्रामगीताच लिहून ये.

कानात वायर
मी तमिळ गाणी लावतो. शब्द असले तरी कळत नाहीत, मग काय फरक पडते?

झाडीपट्टीवाला
मी गडचिरोलीकडल्या वडस्याचा. आमच्याकडं दिवाळी झाली की नाटकं सुरू. काका ऑर्गनवर. रात्रभर नाटक, दुपारी ओसरीवर सराव, अन् मी बाजूच्या खोलीत दहावीचं गणित घेऊन.

तुम्ही म्हणता शब्द नसले की अभ्यास होते. खोटं आहे जी. काका नुसता ऑर्गन वाजवत, गाणारा कोणी नाही, तरी पहिली ओळ वाजली की दुसरी मी मनात म्हणे. पद संपलं की त्याच्यापुढचा संवादही येई. मधात मधात नायिकाही येई, ते सोडा. प्रमेय तिथंच राहे.

म्हणून माझा नियम, ज्या चालीचे शब्द आपल्याला माहीत आहेत ती चाल बाद. मग ती बासरीवर असो का क्लॅरोनेटवर. सिनेमाच्या गाण्यांची बासरी, सॅक्सोफोन, सगळं बाद. त्यापेक्षा अनोळखी रागाचा आलाप बरा. पुढं काय येणार ते आपल्याला कळतच नाही, त्यामुळं मन त्याच्या पुढं पळत नाही.

संत्राबाग
@झाडीपट्टीवाला हे पटलं. पण नायिकेचं का सोडा? सांगा ना.

झाडीपट्टीवाला
बायको पण इथं वाचते जी.

खडू डस्टर
झाडीपट्टीवाले म्हणतात तो भाग मला वर्गातही दिसे. आणि कानात वायर, तमिळचं तुमचं गणित चुकते. कोल आणि वेल्श या दोघांनी 1976 मध्ये हेच तपासलं. इंग्रजी बोलणाऱ्यांना अक्षरं दाखवून क्रमानं आठवायला लावली अन् मागं जर्मन भाषेतला उतारा लावून दिला. अर्थ कळत नव्हता, लक्ष देऊ नका असं सांगितलं होतं, तरी चुका वाढल्या. माणसाचं बोलणं कानावर पडलं की डोकं ते घेतेच. पुढं 1989 मध्ये सलामे आणि बॅडली यांनी गाणं अन् नुसती वाद्यं अशी तुलना केली. गाण्यानं जास्त घोळ झाला, वाद्यांनी कमी. कमी म्हटलं, शून्य नाही.

आणि मोझार्टचं संगीत ऐकलं की डोकं चालते, असं कोणी सुचवायच्या आधीच सांगतो. 1993 चा तो प्रयोग कॉलेजच्या 36 पोरांवर होता. दहा मिनिटं ऐकवलं, मग आकृत्यांची कोडी घातली, गुण थोडे वाढले, अन् तो परिणाम दहा-पंधरा मिनिटांत ओसरला. एवढ्यावर लोकांनी पोटातल्या लेकरांसाठी सीड्या विकल्या!

पऱ्हाटी
गुरुजी, हा धागा आहे, तास नाही, हाहा. हजेरी घेऊ नका फक्त.

कानात वायर
बरं गुरुजी. तमिळ बंद. 🙏

दोन नंबरची अभ्यासिका
राज्यसेवेची तयारी, तालुक्याच्या गावी, पत्र्याची अभ्यासिका. उन्हाळ्यात वर पंख्याची घरघर, खाली चहावाल्याचा स्टोव्ह. सगळ्यांच्या कानात काहीतरी असतेच. मागच्या वर्षी एका मित्रानं 'बायनॉरल बीट्स' दिले. एका कानात 200 हर्ट्झ, दुसऱ्यात 210, अन् मेंदूला दोघांतल्या फरकाची, 10 ची, कंपनं जाणवतात म्हणे. पोट्टं महिनाभर ऐकून रायलं होतं. मग लक्षात आलं, त्याचा डावा इअरफोन केव्हाचाच बंद आहे. दोन्ही कान लागतात त्याला, एकात तर नुसती टूंऽऽऽ.

मी सध्या तानपुरा लावतो. फोनवर तानपुऱ्याचं ॲप आहे, षड्ज-पंचम लावून ठेवायचं. त्याच्यात ना आलाप, ना 'झाला' म्हणजे शेवटचं भरभर वादन, त्यामुळं वाट पाहण्यासारखं काही नाही. चालू घडामोडी वाचायला एक नंबर.

विहीरवाली काकू
सारंगी कोणी लावू नका बाप्पा. 1984 मध्ये इंदिराबाई गेल्या तेव्हा रेडिओवर दिवसेंदिवस तसलंच रडकं वाजत होतं. तेव्हापासून आमच्या सासूबाईंच्या कानावर कुठंही सारंगी पडली की पहिले विचारत, "कोण गेलं वं?" पोरगा बीएस्सीला असताना टेपवर सारंगी लावून बसला अन् म्हातारीनं शेजारच्या दोन घरी जाऊन चौकशी केली.

संत्राबाग
काकू, हसून हसून डोळ्यात पाणी आलं. हे भाचीला वाचून दाखवते.

ड्युटीवाली
जीएनएमचा, म्हणजे नर्सिंगचा अभ्यास, लेकरू दीड वर्षाचं. ते झोपलं की बासरी. पण मधातच जाहिरात येते. बासरी सुरू आहे, स्नायूंची नावं पाठ करून रायली, अन् एकदम कोणीतरी ओरडते 'सिमेंट घ्या'! लेकरू उठलं, संपला अभ्यास. आता बाजाराच्या दिवशी तालुक्याला गेले की रेंज मिळते, तिथंच उतरवून घेते. मग घरी फोन विमान मोडवर.

बासरीनं झोप येते हे मात्र खरं. रात्री नऊनंतर संतूर.

जागल
मी तुरीत जागलीला जाय तेव्हाची गोष्ट. रोही (नीलगायी) अन् डुकरं येऊ नये म्हणून बाबा मचाणावर रेडिओ लावून देत, मोठ्यानं. माणसाचा आवाज पाहिजे म्हणून बोलण्याचा कार्यक्रम पाहून लावत. अन् मी बॅटरीच्या उजेडात बारावीचं जीवशास्त्र वाचे. मले पाहिजे वाद्यं, तुरीले पाहिजे बडबड. रात्री उशिरा शास्त्रीय संगीताची सभा लागे तेव्हाच काय ते चार पानं होत. सतार असली त सहा. आलाप चालू असताना वाचन, अन् 'झाला' सुरू झाला की गणिताची उदाहरणं सोडवायची. हात आपोआप भरभर चाले.

खडू डस्टर
@जागल आलाप वाचायला अन् झाला गणिताला, हे छान आहे. गणित झाडीपट्टीवाल्यांच्या प्रमेयासारखं नसलं तर.

तिसरी पट्टी
वादन शिकते म्हणून थोडं सांगते. रात्री जागायचं म्हणून मालकंस, दरबारी लावू नका. मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातला दरबारी ऐकला की पुस्तक मिटून बसावंसं वाटते, निदान मला. माझा अनुभव, सकाळी अहिर भैरव, संध्याकाळी भूप. भूपात पाचच स्वर, सरळ, वळणं कमी, डोक्यावर ओझं नाही. शिवकुमार शर्मांचं संतूर, चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काबरांची गिटार अशी 1967 ची एक रेकॉर्ड आहे. सकाळच्या रागापासून रात्रीच्या रागापर्यंत जाते. होस्टेलवर ती कॅसेट फिरत फिरत इतकी घासली होती की रात्र सगळ्यात खरखरीत वाजे.

पण ज्याला वादन शिकायचं आहे त्यानं अभ्यासाला वादन लावूच नये. मी तीनतालाच्या मात्रा मोजत बसते. माझ्यासाठी पावसाचा आवाज.

पऱ्हाटी
पावसाचा आवाज आमच्या पत्र्यावर फुकट. पण तो ऐकला की पऱ्हाटीचं बोंड काळं पडलं का हे पाहायला पळावं लागते. कसला अभ्यास.

विहीरवाली काकू
वरूडवाल्या ताई, आंब्या बहाराच्या संत्र्याला भाव काय आहे यंदा? व्यापारी आमच्याकडं येऊनच नाही रायला.

संत्राबाग
काकू, फळगळ लय आहे, बगीचे अजून उभेच आहेत. निरोप पाठवते, इथं नको. मंडळी, धागा अभ्यासाचा आहे बरं का!

कानात वायर
अभ्यासाचंच विचारतो. लग्नाच्या दिवसांत परीक्षा असते तेव्हा डफडं-सनईचं काय करावं? आमच्या गल्लीत एकाच महिन्यात पाच मांडव होते.

झाडीपट्टीवाला
जेवून ये जी. पोट भरलं की अभ्यास होते.

दोन नंबरची अभ्यासिका
तो पर्याय आम्ही वापरला आहे. झोप येते.

ड्युटीवाली
@तिसरी पट्टी त्या रेकॉर्डचं नाव पाठवा ना. रविवारी बाजार आहे, उतरवून घेते.

तिसरी पट्टी
पाठवलं, निरोप पाहा.

जागल
एक विचारायचं होतं. यंदा हरभऱ्यात डुकरांनी लय उच्छाद मांडला. रेडिओची सवय झाली आहे त्यायले, बातम्या ऐकत खातात. काकूच्या सासूबाईले ज्या सारंगीनं पळवलं ती लावून पाहू का?

विहीरवाली काकू
लाव बाप्पा. पण सासूबाई पळाल्या नव्हत्या, भेटायले गेल्या होत्या. डुकरं भेटायले आली त मग पाहजो.