टिटिकाकावरची 'यावारी' : गस्तीबोट एवढ्या उंचावर नेली कशी?

घाटवाट : पेरूमधल्या पुनोला गेलो होतो. टिटिकाकाच्या काठी 'यावारी' नावाची जुनी लोखंडी बोट पाहिली. पेरूच्या आरमारासाठी इंग्लंडात बांधलेली वाफेवरची गस्तीबोट म्हणे. सरोवर ३,८१२ मीटर उंचीवर, समुद्रातून यायला पाण्याची वाट नाही. मग ही वर चढली कशी? आणि आत बॉयलर का नाही?

तेलकट_हात : खेचरांच्या पाठीवर चढली! उभा जन्म जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढलाय, त्यामुळे हा माझा आवडता विषय. पेरू सरकारने १८६१ मध्ये 'यावारी' आणि 'यापुरा' अशा दोन बोटींची ऑर्डर दिली. गस्तही घालायची, माल-माणसंही न्यायची. इंजिनं बर्मिंगहॅमच्या जेम्स वॉट फाउंड्रीची, सांगाडे टेम्सकाठचे. सगळं मिळून २,७६६ सुटे भाग. एकेक भाग खेचराला पेलेल एवढाच.

दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, केप हॉर्नला वळसा घालून माल १८६२ मध्ये आरिका बंदरात उतरला. तिथून ताक्नापर्यंत रेल्वे, पुढे अँडीजचे घाट. सहा महिन्यांचं काम म्हणे! मध्ये स्पेनशी युद्ध, १८६८ मध्ये आरिकाचा भूकंप. 'यावारी' पाण्यात उतरली १८७० च्या नाताळात.

शेवगाव_कर : काका, वर कोळसा कुठला?

तेलकट_हात : कोळसा नव्हताच, लामा नावाच्या तिथल्या ओझ्याच्या जनावराच्या लेंड्या जाळायचे! वाळलेल्या लेंड्या झटकन पेटतात, पण भट्टीत टिकत नाहीत. म्हणजे फावडं खाली ठेवायची सोय नाही. त्यात पोत्यांची थप्पी मालाची जागा खाणार. त्या विरळ हवेत भट्टीपुढे उभ्या राहणाऱ्या खलाशाला माझा दंडवत.

बॉयलर १९१४ मध्ये निघाला. त्या जागी स्वीडनच्या बोलिंडर कंपनीचं चार सिलिंडरचं, तेलावर चालणारं इंजिन बसवलं. ते चालू करायचं म्हणजे आधी प्रत्येक सिलिंडरच्या डोक्यावरचा गोळा ब्लोलॅम्पच्या ज्योतीने तापवत बसायचं. घाई केलीत तर नुसता धूर.

खरी गंमत पुढेच. १८७४ मध्ये रेल्वेच पुनोला पोचली! नंतरच्या 'कोया', 'इंका', 'ओयांता' या बोटी सुट्या भागांत आरामात गाडीने आल्या. माझ्या मते रेल्वे येईपर्यंत कळ काढली असती तर खेचरांचे हाल वाचले असते. पण सरकारी ऑर्डर ती!

घाटवाट : धन्यवाद काका. मग गस्त किती वर्षं घातली?

तेलकट_हात : फार नाही. चिलीशी युद्ध हरल्यावर पेरू कर्जात बुडाला, आणि १८९० मध्ये बोटी रेल्वेसकट इंग्रज सावकारांच्या पेरुव्हियन कॉर्पोरेशनकडे गेल्या. मग मालवाहतूकच. पुढे 'यावारी' भंगारात निघायच्या बेतात होती, ती १९८७ मध्ये मेरिएल लार्केन या इंग्लिश बाईंनी विकत घेऊन दुरुस्तीला काढली. 'यापुरा' मात्र पुढे पुन्हा आरमारात गेली, 'पुनो' नावाने, दवाखान्याची बोट म्हणून. पुन्हा गेलात तर तीही बघा.