अनुभव धागा : जवळचा हात लागला तरी अंग दचकतं तेव्हा

मागच्या आठवड्यात एका मैत्रिणीसोबत नागपूरच्या फुटाळा तलावावर कणीस खात बसले होते. मागून तिच्या नवऱ्याने सहज खांद्यावर हात ठेवला आणि कणीस तिच्या हातातून उडालं. "लग्नाला अकरा वर्षं झाली, अजून असंच होते," म्हणाली. तिला विचारूनच हा धागा काढतेय. जुनं काही अंगात बसलं असेल आणि जवळिकीच्या वेळी वर येत असेल, तर लिहा. ओळख पटेल असं काही नको. न मागता सल्ला नको, 'विसरून जा' तर नकोच. वाचताना धडधडलं तर बंद करा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास फुकट लागतो, मराठीतही बोलता येतं.

संत्रासाल : माझ्यासाठी तो खर्ऱ्याचा, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाचा, वास आहे. पन्नीत खर्रा घोटतानाचा आवाजसुद्धा. लहानपणी सुट्टीत जिथे राहायचो, तिथल्या एका माणसाच्या तोंडाला तो वास असायचा. पुढचं लिहीत नाही.

लग्नानंतर नवऱ्याने नुसतं जवळ घेतलं तरी माझे पाय घट्ट जुळायचे. सोडू म्हटलं तरी सुटेनात. दोन वर्षं असंच. पहिल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अंग ढिलं सोडा ना." जसं काही मी मुद्दामच करत होते! दुसरीकडे कळलं की याला नाव आहे, व्हजायनिस्मस. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू धोका समजून आपोआप आवळतात, डोळ्यापुढे चिलट आलं की पापणी मिटते तसे. पापणीला 'मिटू नको' सांगून जमतं का? फिजिओथेरपिस्टने आधी पोटातून श्वास घ्यायला शिकवलं, मग घरी डायलेटर, म्हणजे योनीमार्गाला हळूहळू सवय लावणाऱ्या गुळगुळीत नळ्या, सगळ्यात लहान ती करंगळीएवढी. सोबत समुपदेशन. सात-आठ महिने गेले.

नवरा खर्रा खात नाही, पण ऑफिसातल्यांसोबत पानठेल्यावर उभा राहायचा. आता घरी आला की शर्ट धुण्यात, आंघोळ, आणि मग विचारतो, "येऊ?" कधी मी 'नाही' म्हणते. तो टीव्ही लावतो. डॉक्टर रागावतील, पण त्या 'येऊ?'ने डायलेटरपेक्षा जास्त काम केलं.

तर्रीपोहे : पुरुषांनी लिहिलं तर चालते ना? होस्टेलात होतो, दहावीत. एक सीनियर. पोरांसोबत असं काही होत नसते, असंच वाटायचं बे. आता बायको जवळ आली की शरीर तिथे असते, मी नसतो. पंख्याची पाती मोजत राहतो. तिला वाटते थकून राहिलो. समुपदेशक बाई म्हणाल्या, पळता येत नाही, लढता येत नाही, तेव्हा शरीर सुन्न पडून स्वतःला वाचवते. आणि त्या वेळी शरीराने प्रतिसाद दिला असेल, तरी त्याचा अर्थ तुम्हाला ते हवं होतं असा होत नाही. हे ऐकायला मला १९ वर्षं लागली. बायकोला अजून सांगितलं नाही.

निनावी : @तर्रीपोहे, मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा २०१२ चा पॉक्सो कायदाही मुलगा-मुलगी असा फरक करत नाही. एवढंच.

गोधडी : आमच्या ह्यांना विचारून लिहितेय. २३ नोव्हेंबर १९९४, नागपुरातला गोवारी समाजाचा मोर्चा. हे तेव्हा नऊ वर्षांचे, आईचं बोट धरून. चेंगराचेंगरीत ११४ जण गेले. हे दोन बायांखाली दबले होते, म्हणून वाचले. झोपेत माझा हात छातीवर पडला तरी उठून बसतात, श्वास लागतो. पहिली पाच वर्षं मला वाटे, मीच आवडत नाही. सासूबाईंनी एक दिवस भाकरी थापता थापता सांगितलं. शहीद गोवारी उड्डाणपुलावरून इतक्यांदा गाडीवर मागे बसून गेले मी, पण ह्यांनी कधी चकार शब्द काढला नव्हता! आता भर थंडीतही जड पांघरूण नाही, त्यांच्या छातीवर भार नाही आणि दार किलकिलं. पोरं मोठी झालीत, त्यामुळे दाराचं काय करायचं हा प्रश्नच आहे.

नाल्याकाठची : सप्टेंबर २०२३ च्या पुरात पहाटे घरात कमरेएवढं पाणी होतं. तेव्हापासून रात्री पाऊस लागला की नवऱ्याचा हातही नको होतो, कान दाराकडे. वरच्यांपुढे हे काहीच नाही.

(असं मोजू नका हो. लिहिलंत ते बरं केलंत. – धागाकर्ती)

तर्रीपोहे : आज सांगायचंच म्हणून बायकोला अंबाझरी तलावावर नेलं. अर्धा तास बाकावर बसलो. ती म्हणाली, भूक लागली. समोसे खाऊन परत आलो. रविवारी पुन्हा जाऊन पाहतो.