सातबाऱ्यावर बायकांची नावे: तुमच्या घरात कधी आली?

कृष्णाकाठ:
वारसनोंदीसाठी जुने कागद चाळताना आत्याचे हक्कसोडपत्र हाती आले. आत्या सातवी शिकलेली होती, पोस्टातले खाते स्वतः चालवत असे, तरीही कागदावर तिचा अंगठा आहे आणि त्याची शाई तिच्या नावावर पसरली आहे. सही येते का, हेही तिला कोणी विचारले नसावे. बदल्यात लुगडे-चोळी मिळाली. वाटा मागितला तर माहेर तुटेल, हे तिला कोणी सांगावे लागले नाही. तुमच्याकडे काय घडले, ते जरूर लिहा.

चांदवडकर:
१९८६ च्या शेतकरी महिला अधिवेशनानंतर शेतकरी संघटनेने बायकोच्या नावे जमीन करण्याची 'लक्ष्मीमुक्ती' मोहीम हाती घेतली, तेव्हा वडिलांनी दीड एकर आईच्या नावावर केले. कांद्याची पट्टी, म्हणजे विक्रीची पावती, मात्र पुढेही वडिलांच्याच नावाने फाटत राहिली. खरा फरक पडला तो आई विकास सोसायटीची, म्हणजे शेतकऱ्यांना कर्ज देणाऱ्या सहकारी संस्थेची, सभासद झाल्यावर, कारण निवडणुकीत उमेदवार तिलाच भेटायला येऊ लागले आणि वडिलांना चहा ठेवावा लागला!

धाकटी:
राज्याच्या १९९४ च्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मसिद्ध हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली वगळल्या. त्यामुळे एकाच आईच्या पोटच्या आम्हां दोघींपैकी मला हक्क आणि ताईला नाही, अशी स्थिती २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीपर्यंत होती. ताईने पुढे वाटा मागितला, तेव्हापासून भाऊबीजेला दादा येत नाही. मी मागितला नाही, म्हणून माझ्याकडे येतो, आणि त्याला ओवाळताना मला ताईचीच आठवण होते.

कुळागर:
गोव्यात पोर्तुगीज काळापासूनच्या कायद्याने नवरा-बायकोची मिळकत साधारणपणे सामाईक असते आणि विक्रीला दोघांच्या सह्या लागतात. आजोबांनी कुळागर, म्हणजे सुपारीची बाग, विकायला काढले, तेव्हा आजीने सही दिली नाही. तरी सुपारीचा हिशेब तिला शेवटपर्यंत कोणी दाखवला नाही, हेही सांगायला हवे.

हप्तेकरी:
आम्ही २०२१ मध्ये सदनिका पत्नीच्या एकटीच्या नावे घेतली. स्त्री-पुरुष समतेचा विचार त्यामागे होता, असे मी चारचौघांत सांगतो. प्रत्यक्षात महिलांना मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत होती.

धाकटी:
@हप्तेकरी, कारण कोणतेही असो, वहिनींचे नाव लागले ना!

कृष्णाकाठ:
ताईंचे वाचून वाईट वाटले. आमच्या नोंदीसाठी चुलतभावाने बहिणींकरिता हक्कसोडपत्राचा मसुदा तयारच ठेवला आहे. त्याच्या मते ती केवळ 'पद्धत' आहे.

चांदवडकर:
बहिणींना आधी एवढे सांगा की, नोंदणीकृत हक्कसोडपत्र सहजासहजी मागे घेता येत नाही. फेरफाराची, म्हणजे सातबाऱ्यावरील नोंद बदलण्याची, नोटीस आल्यावर पंधरा दिवसांत हरकतही नोंदवता येते.