बोलिंग ग्रीनच्या जुन्या पॅव्हिलियनचे खांब बुडाशी कुजलेत, बदलावेत का?

ओसरी: स्कॉटलंडमधल्या बोलिंग ग्रीनवरचं (लॉन बोल्स खेळायची हिरवळ) 1900 च्या आसपासचं लाकडी पॅव्हिलियन, म्हणजे क्लबची इमारत आहे. मध्ये घड्याळ, पुढे पडवी, तिला 100 मिमी चौरस पिच पाइनचे (राळ भरलेलं टिकाऊ पाइन लाकूड) सहा खांब. चार खांब बुडाशी मऊ पडलेत. ठेकेदार सगळे नवे घाला म्हणतो. पटत नाही.

तळखडा: नकोच. आधी अरी टोचून बघा. ती सहज आत जाते तेवढंच लाकूड गेलंय, आणि कूज बहुधा 200-300 मिमीवर थांबलेली असते. वरचं जुनं पिच पाइन आज बाजारात तसं मिळत नाही.
तुळईखाली टेकू लावा. भार फक्त पेलायचा. छप्पर वर रेटलंत तर खिडक्यांच्या काचा तडकतील. कुजकं कापून खाली नवा तुकडा तिरक्या सांध्याने जोडा. सांधा खांबाच्या जाडीच्या तिप्पट-चौपट, म्हणजे 300-400 मिमी. त्याचा उतार बाहेरच्या अंगाला खाली हवा, नाहीतर पाणी आत मुरतं. दोन स्टेनलेस बोल्ट पुरतात.

पागोळी: सांधा कितीही चांगला केलात तरी कारण तसंच राहिलं तर दहा वर्षांत पुन्हा तेच. खांबाच्या बुडाभोवती कुणी सिमेंट ओतलंय का बघा. लाकूड आक्रसलं की फट पडते, तिच्यात पाणी साठतं. ते फोडा. आपल्या वाड्यांत खांबाखाली तळखडा असतो, तसा दगड द्या.
दुसरं, जोत्यातल्या जाळ्या. ग्रीनभोवती चर असतो आणि त्यापलीकडचा बांध ग्रीनपेक्षा निदान 230 मिमी उंच. बसल्या जागेवरून जॅक (खेळातला नेमाचा छोटा चेंडू) दिसावा म्हणून पडवीची जमीन त्याहून वर उचललेली असते. तिच्याखाली हवा खेळते ती या जाळ्यांतून, आणि नेमके त्यांच्यासमोरच फुलांचे वाफे रचतात! माती जाळीच्या खाली उतरवा.

ओसरी: सिमेंट आहेच. पण कोपऱ्यातला खांब 900 मिमीपर्यंत मऊ लागतोय.

तळखडा: तिथे दोन पन्हळी मिळत असणार. पानं अडकली की पाणी खांबावरूनच उतरतं. तो एक पूर्ण बदला, जुन्याची रंधलेली नक्षी मापून घ्या.

जवस: इमारत वारसा म्हणून ए, बी किंवा सी वर्गात नोंदलेली असेल तर कापण्याआधी स्थानिक कौन्सिलला विचारा, फोटो काढून ठेवा. आणि वरून प्लास्टिकचा रंग नको, ओल आत कोंडते. जवसाच्या तेलाचा पातळ हात, तीनदा. कापलेल्या टोकाला आधी.