जी४१ बोर्ड ४ जीबीची रॅम घेतच नाहीये, नुसता बीप मारतो

खटारा_पीसी:
नमस्कार मंडळी, घरी जुना डेस्कटॉप आहे, कोअर २ ड्युओ ई७५००, मदरबोर्ड जी४१ चिपसेटचा (चिपसेट म्हणजे बोर्डावरची मुख्य कंट्रोल चिप), रॅमचे दोन स्लॉट आणि त्यात २ जीबीची एकच डीडीआर३ रॅम स्टिक. बाबा त्यावर टॅली करतात, सोबत क्रोमचे तीन टॅब उघडले की गाडी गाळात. म्हणून ऑनलाइन ४ जीबी डीडीआर३ १६०० (हा वेगाचा आकडा) मागवली. बसली व्यवस्थित, दोन्ही क्लिपा कट्कन लागल्या, पण चालू केला की डिस्प्ले नाही, नुसता बीप बीप. जुनी लावली की सुरू. गंमत म्हणजे हीच नवी स्टिक शेजारच्यांच्या आय३ मध्ये पूर्ण ४ जीबी दाखवते!! दुकानवाला म्हणतो बोर्ड गेला, नवीनच घ्या. खरंच गेलाय का?

कोपऱ्यातला_सीपीयू:
आधी रॅमच्या सोनेरी पट्टीवर खोडरबर फिरवा, स्लॉटमधली धूळ ब्रशने काढा. निम्मे पीसी एवढ्यानेच चालू होतात.

रॅमभाऊ:
खोडरबर काय करणार, स्टिक आय३ मध्ये चालतेय ना. बोर्ड पण ठणठणीत आहे, पैसे घालवू नका. स्टिकवरच्या काळ्या चिपा मोजा आणि सांगा, एका बाजूला आठ आणि मागची बाजू कोरी आहे का?

खटारा_पीसी:
हो! मागे काहीच नाही. पण जुन्या २ जीबीला पण आठच आहेत, मग ती कशी चालते?

रॅमभाऊ:
तिथेच मेख आहे. २ जीबी आठ चिपांत वाटले की एक चिप २ गिगाबिटची (८ गिगाबिट म्हणजे १ जीबी), ४ जीबी आठांत वाटले की ४ गिगाबिटची. जी४१ ला २ गिगाबिटच्या वरची चिप कळत नाही, काही बोर्ड निम्मीच रॅम दाखवतात, काही तुमच्यासारखा बीप मारत बसतात. कोअर २ च्या काळी रॅम सांभाळणारा कंट्रोलर चिपसेटमध्ये असायचा, आय३ मध्ये तो प्रोसेसरमध्येच गेला, म्हणून शेजाऱ्यांकडे चालली. तुम्हाला दोन्ही बाजूंना आठ आठ अशा १६ चिपांची ४ जीबी हवी. १६०० चा आकडा बघून भुलू नका, तुमच्याकडे ती १०६६ लाच पळणार. आणि ८ जीबीच्या वर हा बोर्ड जात नाही, एका स्लॉटला ४ बस्स.

लोखंडी_कॅबिनेट:
भाऊंच्या बोलण्यात एक भर. नुसत्या १६ चिपा बघून घेऊ नका, स्टिकरवर २आरएक्स८ (2Rx8, म्हणजे ८ बिटवाल्या चिपांचे दोन गट) लिहिलेलं बघा. 'फक्त एएमडी' म्हणून स्वस्तात विकतात त्यांनाही १६ च असतात पण त्या एक्स४ म्हणजे ४ बिटवाल्या, इंटेलच्या बोर्डावर चालत नाहीत, मी एकदा घेऊन फसलोय, अजून ड्रॉवरमध्ये पडलीये. एका बाजूला नऊ चिपा दिसल्या तर ती बहुतेक सर्व्हरची, तिलाही लांबून नमस्कार.

खटारा_पीसी:
अपडेट देतो. मामेभाऊ मुंबईला असतो, त्याला लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर मार्केटला पाठवलं, १६ चिपांच्या दोन जुन्या स्टिक घेऊन आला, दुकानातच चिपा मोजत उभा होता म्हणे, दुकानदार वैतागला. बायोसमध्ये (विंडोजच्या आधीची सेटिंग स्क्रीन) ८ जीबी दिसतात!! पण विंडोज ७ मध्ये ८ जीबी आणि कंसात ३.२५ वापरण्याजोगी असं येतंय. आता काय??

कोपऱ्यातला_सीपीयू:
३२ बिट विंडोज आहे हो तुमचं, ४ जीबीच्या पुढे जाणारच नाही. ६४ बिट टाकावं लागेल, म्हणजे फॉरमॅट, ड्राइव्ह पुसून विंडोज नव्याने. टॅलीचा बॅकअप आधी काढा, पेनड्राइव्हवर, त्याच हार्डडिस्कच्या डी ड्राइव्हमध्ये नको, ती पण पीसीएवढीच म्हातारी असणार.

खटारा_पीसी:
बाबांना फॉरमॅट हा शब्द सांगायची हिंमत नाही. मार्चएंड झाल्यावर बघतो.