रविवारचे मोठे शब्दकोडे अर्ध्यावर अडते

प्रश्न : रविवारच्या पुरवणीतील मोठे शब्दकोडे मी दर आठवड्याला सोडवायला घेते, परंतु 'कमळ' किंवा 'मेघ' अशा सूचनेला तीन अक्षरी पर्याय इतके सुचतात की कोडे तिथेच थांबते. अशा वेळी काय करावे?

उत्तर : पूर्ण शब्द ठरवण्याची घाई करू नये. पंकज, नीरज, अंबुज, जलज या सर्वांच्या शेवटी 'ज' येतो, कारण त्याचा अर्थ 'जन्मलेला' असा आहे. म्हणून तिसऱ्या चौकोनात पेन्सिलीने 'ज' लिहून उभा शब्द शोधावा. पाणी देणारा तो मेघ, म्हणून जलद, नीरद, अंबुद यांत 'द' येतो. ही रचना मला फार सुंदर वाटते.

दुसरे उत्तर : याला एक पुस्ती जोडतो. 'राजीव' आणि 'नलिन' हेही कमळच आहे, त्यामुळे 'ज' पक्का मानू नये. समुद्रासाठी जलधी, उदधी लिहिताना शेवटचा 'धी' मराठीच्या नियमाप्रमाणे दीर्घ ठेवावा; संस्कृतातला ऱ्हस्व 'धि' लिहिल्यास छेदणारा शब्द जुळत नाही.

प्रश्नकर्ती : मनापासून आभार. माझ्या कोड्यात 'राजीव'च होते आणि 'व'वरून उभा 'वसंत' लगेच सुटला.